पुन्हा लिहू नका, श्रीमती होल्स्ट

कोपनहेगन, १९ जून १९४५

श्रीमती होल्स्ट,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं, हे मला ठाऊक आहे. मुद्दामच लिहिलेलं नाही.

तुमचं पार्सल पोचलं. लोकरीचं जाकीट आणि चिंध्यांची बाहुली याच टपालानं परत पाठवते आहे. मुरंब्याची बरणी रिकामी येईल. मी बघायच्या आत मुलीनं बोटानं चाटून संपवली. सहा दिवसांत तिनं आमच्या घरात मन लावून खाल्लेली ती एकच गोष्ट, आणि तीही तुमच्या घरची. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल. वाटू द्या.

ती टेबलाखाली झोपते. पलंग तिचाच आहे, माझ्या नवऱ्यानं, आब्रामनं, स्वतः रंगवलेला. आम्ही स्वीडनला पळालो तेव्हा शेजारच्या बोडिलबाईंनी आमचं घर कुलूप लावून सांभाळलं, कुंड्यांना पाणीसुद्धा घातलं. परत आलो तर सगळं जागच्या जागी होतं. फक्त मूल जागेवर नव्हतं.

मी 'मिरेल' म्हणून हाक मारते. ती मागे वळून बघते, की आणखी कोण आलं. काल म्हणाली, "मिरेल कोण? माझं नाव करेन." चार वर्षं पुरी व्हायची आहेत अजून, पण बोलते अशी, जणू जनगणनेला आलेल्या माणसाला सांगतेय. जेवायला बसली की हात जोडते, डोळे मिटते आणि तुमच्या येशूचे आभार मानते. पहिल्या दिवशी आब्राम ताट सोडून उठला. खाटकाच्या दुकानात तिनं सगळ्यांदेखत डुकराचं सॉसेज मागितलं. तो आम्हा ज्यूंचा खाटीक आहे, श्रीमती होल्स्ट, डुकराला आम्ही शिवतही नाही. शुक्रवारी निम्मी आळी तिथं रांगेत असते.

आता मुद्द्याचं. तुमचे आभार मी मानलेले आहेत. तुमच्या दारात, तुमच्या नवऱ्यासमोर, पाद्रीबाबांसमोर. वीस महिने तुम्ही माझं मूल पोसलंत, बंदरावर जर्मन शिपाई हिंडत असताना ते आपल्या बहिणीचं आहे म्हणून सांगितलंत, सापडला असतात तर तुमचं काय झालं असतं हेही मला कळतं. लोक म्हणतात, फ्रुमा, त्या बाईचे पाय धुवून पाणी प्यायला हवं. एकदा आभार मानले. रोज उठून मानायला मला जमणार नाही.

माझ्या नवऱ्यानं तुमचा पुढे केलेला हात घेतला नाही, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याला त्याची कारणं आहेत. त्याबद्दल काही विचारू नका. लिहूही नका. मुळात पुन्हा लिहूच नका.

फ्रुमा कागान


कोपनहेगन, २७ ऑगस्ट १९४५

श्रीमती होल्स्ट,

लिहू नका म्हटलं होतं. तुम्ही चार पत्रं लिहिलीत. साधी, सरळ, चुलीजवळ बसून लिहिल्यासारखी पत्रं. कोंबडी खुडूक बसली. ओलुफनं जाळं दुरुस्त केलं. 'करेनला झोपताना पाठीवर थोपटावं लागतं, हळू, मधेच थांबून.' एका ओळीसाठी तुम्ही तीन ओळी कोंबड्यांच्या लिहिता, हे मला कळत नाही असं समजू नका. मला शिकवू नका. थोपटून बघितलं मी. म्हणाली, "तुझा हात कडक आहे."

लपवण्यात अर्थ नाही. ती गेल्या मंगळवारी पळाली. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. पाच कपडे घातले आणि वर आले तर दार उघडं. आब्राम टोप्यांच्या कारखान्यातून तसाच धावत आला, गळ्यात मोजपट्टी. दोन तासांनी पोलिसानं निरोप पाठवला. मोठ्या स्टेशनवर होती. तिकिटाच्या खिडकीखाली उभी राहून वरच्या माणसाला सांगत होती, "होर्नबेकचं द्या. आई तिकडे पैसे देईल."

पोलिसानं मला विचारलं, "बाई, तुम्ही हिच्या कोण?"

"आई."

"ही म्हणते हिची आई होर्नबेकला असते."

"ती लहान आहे."

"तसं नव्हे बाई, काही कागद आहे का?"

मी माझ्याच मुलीसाठी कागद दाखवला. मला वाटलं होतं, कागद दाखवायचे दिवस संपले. तो बिचारा चांगला होता, टोपी काढून माफी मागत होता. त्यानंच कागदाची घडी घालून दिली.

घरी आल्यावर बोडिलबाईंनी जिन्यात गाठलं. त्यांना बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणाल्या, "फ्रुमा, शलमोन राजाकडे दोघी बायका आल्या होत्या ना एका मुलासाठी? राजा म्हणाला, मूल कापून निम्मं निम्मं घ्या, तर खरी आई म्हणाली, कापू नका, तिला देऊन टाका. विचार कर गं." मी म्हटलं, "बोडिल, त्या गोष्टीत जी मूल सोडते ती खरी. मी तर आधीच सोडलं होतं. मग माझा नंबर पहिला लागला पाहिजे." त्यांना बोलणं कळलं नाही. तुम्हाला कळेल.

आणखी एक. जर्मनांच्या तेरेझीनच्या छावणीतून परत आलेल्या एक बाई परवा घरी आल्या होत्या. जर्मनांनी आमच्या लोकांची धरपकड केली त्या रात्री माझ्या आईला वृद्धाश्रमातून उचलून नेलं, एवढं मला स्वीडनमध्येच समजलं होतं. पुढचं आता समजलं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत गेली. बाई म्हणाल्या, शेवटी तुझंच नाव घेत होती. मी विचारलं, नक्की काय म्हणत होती? बाई गप्प बसल्या. म्हणजे नाव घेत नव्हती. लोक असं काहीतरी सांगतात.

हे तुम्हाला का लिहिलं कोण जाणे. आब्रामला रडणं दाखवता येत नाही, तो लगेच तुमच्यावर घसरतो. आमच्या घरात काहीही बिनसलं की त्याचं एक वाक्य ठरलेलं: "त्या बाईनं तुला दारातून परत पाठवलं नसतं, तर पोर आज तुला विसरली नसती."

मी काही बोलत नाही.

येऊ नका. ती तुम्हाला विसरायला लागली आहे. (खोटं आहे. पण येऊ नका.)

फ्रुमा कागान


कोपनहेगन, १५ ऑक्टोबर १९४५

श्रीमती होल्स्ट,

कोणी सांगितलं होतं तुम्हाला?

काल दुपारी तुम्ही आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिलात. रविवारचा काळा कोट, हातात टोपली. हाक मारली नाहीत, दार वाजवलं नाहीत, नुसत्या उभ्या. मानभावीपणा म्हणतात याला. पोर खिडकीत होती. तिनं तुम्हाला पाहिलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजवर ऐकला नव्हता, आणि तो आनंदाचा होता.

मी खिडकी उघडून ओरडले, हे मान्य आहे. "निघा इथनं! माझं घर आहे हे!" पाचही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. तुम्ही म्हणालात, "मी फक्त बघून जाते, श्रीमती कागान. आत येत नाही." "बघायला ती काय जत्रेतलं अस्वल आहे?" असं मी म्हटलं. तेवढ्यात पोर माझ्या काखेखालून निसटली, जिना उतरली, आणि तुमच्या कोटात शिरली. मी वरून बघत होते. तुम्ही तिला उचललं नाहीत. हात दोन्ही बाजूंना तसेच ताठ ठेवलेत. माझ्याकडे बघून. मला त्याचा जास्त राग आला.

मग आब्राम खाली उतरला. पुढचं तुम्ही ऐकलंत, मीही ऐकलं, सगळ्या बिऱ्हाडांनी ऐकलं.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही माझं मूल वाचवलंत. त्याबद्दल देव तुमचं भलं करो. पण माझी बायको त्या संध्याकाळी तुमच्या दारात उभी होती. मूल ठेवून घेतलंत आणि तिला म्हणालात, तू जा. किनाऱ्यावर ती माझ्याकडे धावत आली तेव्हा तिच्या पायात एकच बूट होता. दोन वर्षं झाली, मला अजून दिसतं ते. एका आईला असं कुणी बाहेर काढतं? का केलंत?"

तुम्ही वर बघितलंत. माझ्याकडे. किती वेळ बघत होतात कोण जाणे, मला तरी तो फार वाटला. मी खिडकीच्या चौकटीला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, आता बोलेल. आता सांगेल ही. एकदाचं सांगून टाक.

आणि तुम्ही म्हणालात, "हो, श्री. कागान. मी घाबरले होते. चूक झाली."

टोपली खाली ठेवलीत, पोरीची बोटं कोटापासून एकेक करून सोडवलीत आणि गेलात.

मी विचारते, कोणी सांगितलं होतं तुम्हाला माझ्यासाठी खोटं बोलायला? माझं मूल वाचवलंत, तेवढ्यानं भागलं नाही? आता माझी अब्रूही तुम्हीच वाचवणार? म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य मी तुमच्या पदरात बांधलेली. त्यापेक्षा तोंडावर थुंकला असतात तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी काय झालं ते आपल्या दोघींनाच ठाऊक आहे. डॉक्टर तुमच्या स्वयंपाकघरात म्हणाले, मुलीला डांग्या खोकला आहे, झोपेची सुई देता येणार नाही, दिली तर उठायची नाही. होडीवाला म्हणाला, खोकणारं पोर होडीत नको, सोळा माणसं आहेत. आब्राम आधीच्या टोळीबरोबर किनाऱ्यावर गेलेला. आणि तुम्ही हात पुसत म्हणालात, "मग त्यात काय! दोघी राहा. माळा कोरडा आहे. नवऱ्याला निरोप पाठवू."

दोघी राहा म्हणालात.

मी पोरीला तुमच्या पलंगावर ठेवलं. खोकून खोकून दमून ती झोपली होती. तुम्ही दूध तापवायला वळलात आणि मी मागच्या दारानं बाहेर पडले. बूट दारात अडकून निघाला, त्यासाठीही थांबले नाही.

टोपलीतली अंडी बोडिलबाईंना दिली.

फ्रुमा कागान


कोपनहेगन, ११ डिसेंबर १९४५

श्रीमती होल्स्ट,

तुमचं एका ओळीचं पत्र मिळालं. 'मी तुम्हाला कधीच दोष दिला नाही.' दोष न देणारी माणसं मला सहन होत नाहीत. दोष दिलात तर मला उत्तर देता येईल. तो आता दिलातच असं समजा, आणि ऐका.

मी चार वर्षांची होते. आम्ही तेव्हा बियालिस्टोकला राहायचो. आमच्या लोकांची घरं फोडत, माणसं मारत जमाव गल्लीत आला. आई मला आणि बेरेलला घेऊन बटाट्यांच्या तळघरात उतरली. बेरेल माझा भाऊ, सात महिन्यांचा. त्याला दात येत होते. वर बुटांचे आवाज. तो रडायला लागला तसा आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी तिच्या मांडीला टेकून होते. तिच्या दंडाची शीर मला दिसत होती. आवाज गेले तरी तिनं हात काढला नाही. बाहेर आलो तेव्हा बेरेल जिवंत नव्हता.

आम्ही इथं आलो, बाबा वारले, मी मोठी झाले. या गोष्टीबद्दल आईनं एक शब्द काढला नाही. फक्त तिनं पुन्हा कुठलंही तान्हं मूल हातात घेतलं नाही. मला लग्नानंतर तेरा वर्षांनी मिरेल झाली. वृद्धाश्रमातून सगळ्या बायका बघायला आल्या. प्रत्येकीनं घेतली. आई हात पाठीमागे धरून उभी राहिली, आणि लांबून म्हणाली, "छान आहे. निरोगी आहे."

तुम्ही 'माळा' म्हणालात तेव्हा मला माळा दिसला नाही, तळघर दिसलं. खोकणारी पोर, खाली बूट, आणि माझा हात. मला जर्मनांची भीती कमी वाटली, माझ्या हाताची जास्त वाटली. तुमच्या हाताला ती सवय नव्हती. तुम्ही तिला खोकू दिलं असतंत.

हे खरं आहे. देवाशपथ खरं. पण पत्र लिहायला बसले आहे तर पुरतं लिहिते. मी पळत असताना हे सगळं मनात नव्हतं. पळत असताना एवढंच होतं, की मला जगायचंय. होडी दिसली आणि मला आनंद झाला. बेरेलची आठवण मला स्वीडनमध्ये आली, माल्मोला, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात, तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात. तेव्हा मी म्हटलं, अगं, म्हणूनच तू निघालीस. आता माझं मलाच कळत नाही, कुठलं आधी होतं.

आज सकाळी आब्रामला सांगितलं. तुमच्यामुळे. तुम्ही ते 'चूक झाली' म्हणालात ना, तेव्हापासून तो फार मऊ झाला होता. म्हणायचा, "बाईनं कबूल केलं बघ. मोठं मन लागतं त्याला." दोन महिने मी हे ऐकलं.

तो टोपीची कडा कापत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

"तिनं आत राहा म्हटलं होतं?"

"हो."

"तुला? तुम्हा दोघींना?"

"हो."

"मी होडीतून परत जायला उठलो, तेव्हा तू माझा कोट धरलास."

"हो."

"दोन वर्षं मी त्या बाईला शिव्या दिल्या, फ्रुमा. रोज. जेवताना. तू समोर बसून सूप वाढायचीस."

मी त्याला बेरेलची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊकच नव्हती, इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. त्यानं ऐकून घेतली. मग कात्री खाली ठेवली, कोट घातला आणि कारखान्यातच राहायला गेला. तीन आठवड्यांचं सामान एका पिशवीत भरून.

आता तुमचं माझ्यावर काही उरलं नाही. तुमचं खोटं मी परत केलं.

फ्रुमा


कोपनहेगन, २६ मार्च १९४६

श्रीमती होल्स्ट,

आब्राम तुमच्याकडे येऊन गेला, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मला तो बोलला नव्हता. तुम्ही लिहिता, त्यानं हात पुढे केला, तुम्ही घेतला, मग दोघांनाही काय करावं ते सुचेना म्हणून तो दुपारभर तुमची लाकडं फोडत बसला. त्याला लाकडं फोडता येत नाहीत. टोप्या शिवणारा माणूस तो. फोडलेली फेकून दिलीत तरी चालेल.

तो जानेवारीत घरी परत आला. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. स्वतःचे बटाटे स्वतः उकडतो. एकाच चुलीवर दोन पातेली चढतात. बोडिलबाईंना वाटतं आमच्यात काही नवं सोवळं निघालंय. मी तक्रार करत नाही. तो घरात आहे.

पोरीनं हे सगळं पाहिलं. मुलं बघतात. गेल्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. रडत नव्हते, नुसती बसले होते. ती टेबलाखालून निघाली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुला पण घरी जायचंय?"

मी म्हटलं, "हेच माझं घर आहे."

"तसं नाही. तुझ्या आईकडे."

मी म्हटलं, "हो. जायचंय."

"मग ती न्यायला का येत नाही?"

"ती मेली."

 ती माझ्या शेजारी फरशीवर बसली, पाठ माझ्या पायाला टेकवून. थोड्या वेळानं म्हणाली, "माझी येते. पण तू तिला ओरडतेस."

श्रीमती होल्स्ट, मला तुम्ही आवडत नाही. आवडाल असं वाटतही नाही. तुमचा शांतपणा, तुमची कोंबड्यांची पत्रं, माझी पोर ज्या वासानं झोपायची तो तुमच्या अंगाचा वास, यातलं काहीच मी तुम्हाला माफ करू शकत नाही. पण चार वर्षांच्या मुलीला आई असून नसल्यासारखी करायची, हे माझ्याच्यानं होणार नाही. आई नसणं काय ते मला आता कळलंय.

येत्या रविवारी आम्ही येतो. हेलसिंगोरला गाडी बदलून अकराच्या सुमाराला तुमच्या स्टेशनवर पोचू. दर महिन्याचा शेवटचा रविवार, असं मी तिला सांगितलं आहे. तिनं दोनदा म्हणून घेतलं. आब्राम येणार नाही. त्याची इच्छा आहे की मी एकटीनं आणावं. तसं तो बोलला नाही, पण काल रात्री त्यानं माझ्या दुसऱ्या बुटाचा तळ शिवून ठेवला.

ती गाडीतून उतरली की तुमच्याकडे धावेल. मी हात सोडीन. तुम्ही तिला उचला. या वेळी माझ्याकडे बघू नका, सरळ उचला. तिला करेन म्हणा, मिरेल म्हणा, तिला दोन्ही कळतात.

मी तुमच्या घरी येणार नाही. मला कॉफीही पाठवू नका. स्टेशनच्या फलाटावर बाक आहे, मी तिथं बसेन. तिला तसं सांगून ठेवलंय. गेल्या वेळी मी गेले तेव्हा ती झोपेत होती. या वेळी तिला ठाऊक असेल मी कुठे आहे. दिवसभरात तिला वाटलं, की बघावं, मामे (आमच्या भाषेत आई) आहे का गेली, तर तिला घेऊन या. दहा वेळा वाटलं तर दहा वेळा आणा. पाऊस आला तरी मी तिथंच असेन.

फ्रुमा